बारा-तेराचा पान्हा

धुळ्याला साक्री रोडच्या आतल्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये नाना गाड्यांचा वास घ्यायचे. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखरच घ्यायचे. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी ते मागे जात, सायलेन्सरपासून हातभर अंतरावर उभे राहत, डोळे मिटत आणि तीनदा सावकाश श्वास ओढत. मग पुढे येऊन खिशातून लाल मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढत आणि कार्बोरेटरचा एक स्क्रू किंचित फिरवत. "पाव फेरा," एवढंच म्हणत. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलायचा, रडून दमलेलं मूल कुशीत घेतल्यावर शांत होतं तसा. नाना स्क्रूड्रायव्हर परत खिशात टाकत आणि म्हणत, "बराबर शे."

नाना मूळचे पिंपळनेरकडचे, बोलणं सगळं अहिराणी; "शे" म्हणजे "आहे". आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दुधी रंगाची गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मागच्या सीटवर पुस्तक उघडून बसले होते. आता आबा नाहीत, मी निवृत्त झाले आहे, आणि गाडी देवपुरात माझ्या दारात असते. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग, आणि हॉर्न असा की म्हशीही मान वळवून बघतात. गल्लीतले लोक दर दोन महिन्यांनी मला ती विकायचा सल्ला देतात आणि मी दर दोन महिन्यांनी त्यांच्याशी भांडते. नाना मात्र सत्तरी ओलांडली तरी त्याच शेडमध्ये होते. वर्षाच्या दोन खेपा ठरलेल्या असत. होळी झाली की उन्हाळी सेटिंग, दिवाळी झाली की हिवाळी. आमच्याकडच्या उन्हात हवा पातळ होते, मग पेट्रोल जरा आवळावं लागतं, आणि थंडी पडली की पुन्हा सैल सोडावं लागतं.

मी रसायनशास्त्र शिकवत होते. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं की एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला चौदा पूर्णांक सात किलो हवा लागते. मुली वहीत उतरवून घ्यायच्या, मी खडू झटकून पुढच्या समीकरणाकडे वळायचे. एकदा घरी बसून हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलला एक छोटी खोली भरेल एवढी हवा लागते असं निघालं. म्हणजे धुळ्याहून चाळीसगावला जाईपर्यंत माझी गाडी चार-पाच खोल्यांतली हवा पिते. ती सगळी हवा कार्बोरेटरच्या तोंडातून आत जाते आणि जाता जाता पितळेच्या एका भोकातून, ज्यातून शिवणकामाची सुईसुद्धा नीट जाणार नाही, पेट्रोल ओढून घेते. याला ना कॉम्प्युटर, ना तारा. हवेच्या धावण्यानेच पेट्रोल उचललं जातं. या गोष्टीचं मला वर्गात कधी नवल वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर गाडी बिघडायला लागली. बिघडली म्हणजे बंद पडली नाही. ॲव्हरेज घसरलं, सकाळी चालू केली की मागून काळा धूर, आणि कंपाउंडच्या भिंतीवर सायलेन्सरच्या उंचीला ताटाएवढा काळा डाग. शेजारच्या अक्का एके दिवशी दोरीवरचं धुणं घेऊन थेट माझ्या दारात आल्या. "बाई, तुमनी गाडीनी मन्हं लुगडं काळं करं!" मी नानांकडे गेले. नानांनी मागे उभं राहून तीन श्वास घेतले, स्क्रू फिरवला, "बराबर शे" म्हणाले. आठवड्यात डाग पुन्हा धरला. पुन्हा गेले. पुन्हा तीन श्वास, पुन्हा "बराबर शे". त्या पुढच्या होळीला तेच, मग प्रत्येक खेपेला तेच, परवाच्या दिवाळीलाही तेच. मी स्वभावाने तापट आहे हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नानांसमोर मी पहिल्यांदाच तोंड आवरून धरलं होतं, आणि त्याने माझं डोकं जास्तच दुखत होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवा. आत किती हवा आणि किती पेट्रोल जळतंय, त्याचा आकडा समोर दिसेल. तुम्हीच शिकवलेला आकडा." तिनेच तो मागवून दिला. बोटभर लांबीचा एक सेन्सर, जाड वायर, आणि तळहातावर मावेल एवढा गोल मीटर. तो बसवायला पाइपाला भोक पाडून एक रिंग वेल्ड करायची होती. हे काम नानांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. बहिणीकडे जळगावला जाणारच होते, तिथेच एका वेल्डिंगवाल्या चाचांकडे गाडी नेली.

चाचांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, चांगल्या पाइपाला भोक पाडा म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा आलं." पण केलं इतकं नेटकं, की रिंग पाइपालाच फुटली आहे असं वाटावं. वर बोट फिरवून म्हणाले, "इथून हवा आत शिरली तर तुमचं यंत्र खोटं बोलेल. म्हणून दोनदा फिरवलंय." सेन्सर बसला, मीटर मी डॅशबोर्डवर चिकटवला, किल्ली फिरवली. मिनिटभर नुसत्या रेघा दिसल्या. मग आकडा उजळला.

११.३.

तो आकडा वाईट होता, पण ते मला नंतर सुचलं. आधी मी नुसती बघत राहिले. आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोलले ते माझ्या गुडघ्यासमोर श्वास घेत होतं. मी पाय दाबला की आकडा खाली जाई, उचलला की वर येई. एरंडोल, पारोळा, दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, आणि माझं लक्ष रस्त्यावर कमी, आकड्यावर जास्त. एका ट्रॅक्टरच्या मागे मी इतकी रेंगाळले की त्यानेच हात करून मला पुढे काढलं. चढ आला की साडेदहा, सपाटीला बारा, उतारावर आकडा वर उडे. ही गाडी चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ असाच श्वास घेत होती आणि आम्ही तिच्यात बसून राजकारणावर गप्पा मारत होतो. मला एकटीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. खोटं कशाला सांगू, पारोळ्याच्या पुढे मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती बसले होते.

मग अर्थ ध्यानात आला. अकरा म्हणजे पेट्रोल फार जास्त. गाडी गेली दोन वर्षं गच्च पोटाने चालली होती आणि नाना तीन श्वास घेऊन बराबर म्हणत होते. धुळे जवळ आलं तसा माझा राग चढत गेला. आवरून धरलेलं सगळं जिभेवर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गाडी उभी केली तेव्हा नाना न्याहारी करत होते. भाकरी, भाजी, आणि वर भाजलेला नागलीचा पापड. त्यांच्या दोन खोल्या शेडच्या मागेच आहेत, काकू, म्हणजे त्यांची बायको, ताट तिथूनच आणून देतात. "रोज पापड, रोज पापड," नाना कुरकुरले, "म्हातारीले पापडनं याड लागेल शे." मी हसले नाही. मीटर दाखवला. त्यांनी ताट बाजूला ठेवून आत डोकावलं. "हाई काय? गाडीले थर्मामीटर लावं?"

"नाना, तेरा-चौदाच्या जागी अकरा दाखवतंय. तुम्ही दोन वर्षं वास घेताय. नाक काय घरी खुंटीला टांगून येता?"

बोलले आणि कळलं की काहीतरी फुटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुतला, पंच्याला पुसला, खाटेवर बसले. इंजिन चालूच होतं.

"माले वास येत नही, बाई," ते म्हणाले. "दोन वरीस व्हयनात. ताप उना व्हता, तवयपासून काहीच येत नही. पेट्रोलना नही, भाजीना नही."

कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, घरात नाही. "म्हातारी म्हनस, म्हातारा सुधरना, आते भाजीले नावं ठेवत नही," असं सांगून ते हसले, ते हसू बघवत नव्हतं. मी विचारलं, मग इतके दिवस स्क्रू कशाच्या भरवशावर फिरवला? त्यांनी सरळ सांगितलं. "जास्त पेट्रोल भेटनं तं गाडी धूर काढी, मरनार नही. कमी पडनं तं व्हॉल्व्ह जळी जाई. उपाशी ठेवापेक्षा दोन घास जास्त बरा." त्यांच्याकडे अजूनही येणाऱ्या, माझी धरून, चार जुन्या गाड्या होत्या, आणि चारही गाड्यांना ते दोन वर्षं दोन-दोन घास जास्त भरवत होते. फसवणूक नव्हती ती. अंधारात वाढणाऱ्याने ताट रिकामं राहू नये म्हणून जास्तच वाढावं, तसं होतं. आणि मी त्याच माणसाला नाक कुठे टांगलं म्हणून विचारलं होतं. मला माझ्या जिभेचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

नानांनी खिशातून लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला. "आते तुमीच करा. तुमनं यंत्र शे. मी शेड बंद करस."

मी नको नको म्हणत राहिले, पण ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. म्हणजे प्रश्न आता धुराचा राहिला नव्हता. नाक गेलेला माणूस मिस्त्री राहतो की नाही, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या आगाऊ मीटरने देऊन टाकलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो मला माहीत नाही. मी बॉनेट उघडलं आणि स्वतःच स्क्रू फिरवायला लागले.

मला माझा आकडा हवा होता. चौदा पूर्णांक सात. थोडं फिरवायचं, दाराशी येऊन काचेतून मीटर बघायचं, परत जाऊन फिरवायचं. बारा. साडेतेरा. चौदा. आकडा चढत गेला तसं इंजिन थरथरायला लागलं, पण मी कसली ऐकते. चौदा पूर्णांक सात दिसला आणि मी टाळी वाजवणार एवढ्यात गाडी दोन गचके देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तिथेच नेली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी खाटेवरून, भिंतीकडे तोंड असतानाच, आवाज आला.

"तुमनं पुस्तक गाडीनी वाचेल नही, बाई."

"पुस्तक बरोबर आहे," मी म्हणाले.

"पुस्तकमा चार सिलिंडर सारखा खातस. आठे, या गाडीमा, एक जास्त खास, एक कमी. तुमी बरोबर वाढं, पन तो कमीवाला उपाशी मरी ऱ्हायना. आयका ना! दोन नंबर रडी ऱ्हायना."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. नाना उठले. स्वतःच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून ती त्यांनी मीटरवर घातली, आणि मला दम दिला, "आकडा सांगू नका." पाण्याचा स्टीलचा पेला काठोकाठ भरून पुढच्या मडगार्डवर ठेवला. गाडी चालू झाली. पेल्यातलं पाणी थरथरत काठावरून सांडू लागलं. नानांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, एक डोळा पाण्यावर ठेवला, मान कलती केली, आणि मनगट फिरवलं.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. चोरून टोपीची कड वर केली, कबूल करते. आत आकडा हलत होता. बारा आठ, तेरा दोन, तेरा सहा. मग मागे, तेरा तीन. पुन्हा पुढे, तेरा पाच. त्यांना आकडा दिसत नव्हता, पण त्यांचं मनगट आणि तो आकडा एकमेकांना शोधत होते. शेवटी आकडा तेरा चारवर आला आणि तिथेच बसला. त्याच क्षणी नाना म्हणाले, "हं." मी मान वर करून बघितलं तर पेल्यातलं पाणी असं निवांत होतं की त्यात शेडच्या पत्र्याचं भोक आणि त्यातलं ऊन दिसत होतं. नंतर मी त्या विद्यार्थिनीला विचारलं, तर ती म्हणाली की जुनी गाडी जागेवर उभी असताना तेरा ते साडेतेराच्या मध्येच सुखी असते. माझी पुस्तकी टाळी वायाच जाणार होती.

टोपी काढून मी आकडा वाचून दाखवला. नानांना तो चांगला की वाईट ते कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. तरीही त्यांनी मान हलवली. उभ्या गाडीचं ठीक आहे, ते कानाने जमतं. पण चढावर ओझं पडल्यावर आतलं मोठं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं ते पितळी भोक, बरोबर आहे का, हे ते चढ संपल्यावर गाडीमागे उभं राहून वासावरूनच ठरवत आले होते. "तठे कान कामना नही," ते म्हणाले.

"मग घाटात चला. आकडा तुम्ही वाचा."

"माले इंग्रजी येत नही."

"आकडे तर येतात?"

नानांनी फळीवरून पान्ह्यांची कापडी गुंडाळी उचलली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. नाना चौथी शिकलेले, पण इंग्रजी आकडे त्यांनी आयुष्यभर पान्ह्यांवर वाचले होते. लळिंग घाटाच्या वाटेवर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. पुस्तकात सगळं पेट्रोल जळायला आकडा कितीचा? मी सांगितलं, पंधराला थोडा कमी. ते बाहेरच्या ट्रकांकडे बघत राहिले. मग गुंडाळी उलगडून त्यांनी दोन्ही टोकांना मापाचे आकडे असलेले तीन पान्हे काढले आणि मीटरच्या खाली डॅशबोर्डवर ओळीने मांडले. दहा-अकरा. बारा-तेरा. चौदा-पंधरा.

"सपाटीवर ओझं नही, तठे हाऊ पाहिजे," म्हणत त्यांनी चौदा-पंधराच्या पान्ह्यावर बोट ठेवलं. "चढवर ओझं शे, त्याले दोन घास जास्त. तठे हाऊ." बोट बारा-तेरावर गेलं. "आनि हाऊ दिसना," दहा-अकराच्या पान्ह्यावर त्यांनी टिचकी मारली, "तं तो मन्हा लाड."

मीटरसोबत आलेली पुस्तिका मी तीनदा वाचली होती, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. तिच्यातलं सगळं नानांनी टोल नाक्याच्या अलीकडे तीन पान्ह्यांत मांडून ठेवलं होतं. मी गिअर खाली घेतला, समोर घाट होता.

चढाला मी पाय पूर्ण दाबला. "अकरा," नाना मोठ्याने म्हणाले. "साडेदहा. अकरा." त्यांचा हात दहा-अकराच्या पान्ह्यावरच होता. वर रुंद जागी मला थांबायला लावलं. खिशातल्या मलमाच्या जुन्या डबीत त्यांनी जपून ठेवलेली जेट होती, वीसेक असतील, सगळी सारखीच दिसणारी. ते एकेक ओठांशी धरून फुंकत आणि शिट्टी ऐकत. महामार्गावर ट्रक धडधडत जात होते, त्यात त्यांना शिट्टीतला फरक कसा ऐकू येत होता देव जाणे. सातवं की आठवं जेट फुंकून त्यांनी ते वेगळं काढलं. इंजिन गरम, हात भाजतील म्हणून मी ओरडले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीपासून दोन पावलं मागे सरकले. दहा मिनिटांत जुनं जेट डबीत गेलं होतं आणि नवं आत.

आम्ही घाट उतरलो आणि पुन्हा चढलो. मी पाय दाबला. नाना बोलेनात. मी रस्त्यावरची नजर काढू शकत नव्हते. "नाना, किती?" मी पुन्हा विचारलं, "अहो, किती?"

"हाऊ तं बारा-तेराना पान्हा!" नाना ओरडले, आणि त्यांनी तो पान्हा उचलून चक्क माझ्या तोंडासमोर नाचवला. मी जवळजवळ दुभाजकावर गेले.

वर पोचल्यावर गाडी चालू ठेवायला सांगून ते सवयीने मागे गेले आणि सायलेन्सरपाशी उभे राहिले. डोळे मिटलेले नव्हते. मी उतरून जवळ गेले तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, तुमी घ्या वास."

मी वाकले, श्वास ओढला, आणि मला सांगताच येईना. आयुष्यभर प्रयोगशाळेत वासांमध्ये उभी राहिलेली बाई मी, पण माझ्याकडे नुसती नावं होती. मग नानांनीच विचारलं. "डोयामा चरचर करस?" नाही. "नाकमा गोड गोड बसस?" नाही. "मंग नागलीना पापड भाजतस, जळाना जरासा पहिले, तसा कोरडा वास येस का?" मी पुन्हा श्वास घेतला, डोळे मिटून. आणि आला. खरंच आला, गरम आणि कोरडा, चुलीजवळचा. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं नाही. "हो नाना, पापडाचा." ते पुढे झाले, डोळे मिटले, आणि तीनदा सावकाश श्वास ओढला. त्यांना काहीच आलं नसणार. तरी ते बराच वेळ तसेच उभे होते, आणि "बराबर शे" मात्र म्हणाले नाहीत.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, मीटर शेडमध्ये राहू दे, बाकीच्या तीन गाड्यांनाही रिंग बसवून घेऊ. शेड बंद करायचं काही ते बोलले नाहीत. शेडपाशी उतरताना म्हणाले, "चला घर, जेवीसन जा."

काकू चुलीपुढे होत्या. आम्ही बसलो. ताटं आली. नानांनी घास घेतला नाही. हात ताटाच्या कडेला तसाच ठेवून ते एकदम म्हणाले, "आयकनी का? माले वास येत नही. दोन वरीस व्हयनात."

काकूंनी चिमट्यातला पापड निखाऱ्यावर उलटा केला. "माले माहीत शे."

"तुले कोनी सांगं?"

"कोन सांगी? त्या दिन भाजी जळी गयी, तरी तुमी मुकाट जेवनात. तवयच समजनं."

"मंग बोलनी का नही?"

"तुमी बोलनात का?" काकूंनी पापड त्यांच्या ताटात ठेवला. "वास नही तं नही. आवाज तं येस ना खातांना. म्हनीसन तं रोज पापड भाजस."

दोन वर्षं, रोज. नानांनी पापड उचलला, कानाजवळ नेला आणि हळूच मोडला. मान कलती करून ऐकलं, तसाच दुसरा तुकडा मोडला.

"बराबर शे," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.